काच पांघरलेलं लोखंड

नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यावर ‘मायको सर्कल’ नावाचा चौक आहे. रिक्षावाल्याला एवढं नाव सांगितलं तरी पुरतं. ‘मायको’ म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. ही कंपनी १९५१ साली बंगळूरला सुरू झाली आणि पुढे सातपूरला तिचा कारखाना आला. डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा सोडणारे भाग इथं तयार होऊ लागले. मायकोच्या स्पार्क प्लगच्या पाट्या एके काळी गॅरेजच्या भिंतींवर सर्रास दिसत. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून ‘बॉश’ झालं, कागदोपत्री ‘मायको’ संपली. चौक मात्र अजून मायकोचाच आहे.

नावं अशी तोंडात टिकतात. आपण घासलेटला ‘रॉकेल’ म्हणतो, तो ‘रॉक ऑइल’चा अपभ्रंश. ‘घासलेट’ हा शब्दसुद्धा ‘गॅस लाइट’वरून आला. रबरी धावांच्या बैलगाडीला अनेक गावांत ‘डनलॉप’ म्हणत. ज्या वस्तूंनी ही नावं आपल्यापर्यंत पोचवली, त्यांचं नशीब मात्र एवढं चांगलं नाही. पेट्रोल पंपावरच्या पाट्या, तेलाचे डबे, टायरच्या जाहिराती, पंपाच्या डोक्यावरचे दुधी काचेचे गोळे यांतलं बहुतेक सारं भंगारात वजनावर विकलं गेलं. काही पाट्या गोठ्याच्या दाराला, कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा गळक्या छपराला ठिगळ म्हणून लागल्या. गंमत अशी, की त्यामुळेच त्या वाचल्या.

गेल्या काही दशकांत या वस्तू गोळा करणारे लोक वाढले आहेत. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि गावोगावची भंगाराची दुकानं ते पालथी घालतात. सापडलेली पाटी घरी आणतात, घासूनपुसून ‘नव्यासारखी’ करतात. हा छंद निरुपद्रवी वाटतो. पण पाटी नव्यासारखी करताना तिच्यावरचं नेमकं काय पुसलं जातं, हा प्रश्न विज्ञानाचा आहे आणि इतिहासाचाही. या लेखात आपण तोच पाहणार आहोत.

डब्याची गोष्ट

मोटारीच्या जाहिरातींचा इतिहास मोटारीच्या आधी, दिव्याच्या तेलापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडच्या देशांत अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचं रॉकेल निळ्या डब्यांतून येत असे. लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युएल यांनी तिच्याशी स्पर्धा करायचं ठरवलं. डबे भरून पाठवण्याऐवजी त्यांनी जहाजाच्या टाक्यांतच तेल भरलं. त्यांचं ‘म्यूरेक्स’ हे जहाज १८९२ साली रशियाचं रॉकेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आलं. लोक आपापली भांडी आणून तेल घेतील, डब्याचा खर्च वाचेल, असा हिशेब होता.

हिशेब चुकला, कारण गिऱ्हाइकांना तेलाइतकाच डबाही हवा होता. रिकाम्या डब्यात धान्य ठेवता येई, पाणी भरता येई, तो कापून छपराला पत्रा करता येई. शेवटी सॅम्युएल यांनाही डबे काढावे लागले. ते त्यांनी लाल रंगाचे केले. निळा डबा त्यांचा, लाल डबा आमचा, हे वाचता न येणाऱ्यालाही समजत होतं. आपल्याकडे पत्र्याचा चौकोनी डबा घराघरांत कसा शिरला, याचा एक धागा इथं सापडतो.

सॅम्युएल यांच्या वडिलांचा लंडनमध्ये शंखशिंपल्यांचा व्यापार होता. त्यामुळे १८९७ साली निघालेल्या कंपनीचं नाव ‘शेल’ पडलं आणि तिची खूण शिंपला ठरली. आधी कालवासारखा शिंपला होता, १९०४ पासून पंख्यासारखा उघडलेला शिंपला आला. पुढे १९२८ साली भारतातल्या विक्रीसाठी शेल आणि बर्मा ऑइल एकत्र आल्या आणि ‘बर्मा-शेल’ तयार झाली.

तोवर मोटारी रस्त्यांवर धावू लागल्या होत्या. मुंबई-आग्रा रस्ता कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक, चांदवड, मालेगाव करत धुळ्याकडे जातो. घाट चढून तापलेल्या गाडीला पाणी हवं, तेल हवं, पेट्रोल हवं. वेगानं जाणाऱ्या माणसाला दुरून दिसेल, उन्हात विटणार नाही आणि इगतपुरीच्या पावसात टिकेल अशी पाटी त्यासाठी लागे. साध्या रंगानं रंगवलेला पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत हार मानतो. यावर उपाय होता इनॅमलची पाटी.

लोखंडावर काच कशी बसते?

इनॅमल म्हणजे काच. मिनाकारीच्या दागिन्यांत सोन्याचांदीवर जी रंगीत काच वितळवून बसवतात, तीच कल्पना इथं लोखंडी पत्र्यावर वापरलेली असते. तुमच्या शाळेजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर कवटी आणि दोन हाडांची, धोक्याचा इशारा देणारी जुनी पाटी असेल तर दुरूनच नीट पाहा. ती बहुधा इनॅमलचीच असेल. इनॅमलचे मग आणि दवाखान्यातली पांढरी तसराळी याच घराण्यातली.

वाळू, टाकणखार, फेल्डस्पार, सोडा वगैरे पदार्थ एकत्र वितळवून तो रस पाण्यात ओततात. त्याचे तडकून कण होतात. ते माती आणि पाण्याबरोबर दळले की दाटसर खळ तयार होते. स्वच्छ केलेल्या पत्र्यावर ती चढवून, वाळवून, पत्रा सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही मिनिटं ठेवतात.

पहिला थर नेहमी गडद, निळसर काळा असतो, कारण त्यात कोबाल्टची संयुगं मिसळलेली असतात. कोबाल्टमुळे काच आणि लोखंड यांची पकड बसते. पाटीचा टवका उडाला की पांढऱ्या रंगाखाली जो काळा थर दिसतो, तो हाच. त्यावर पांढरा थर देऊन पुन्हा भाजतात. मग एकेका रंगासाठी साचा ठेवून, नको तेवढी पूड झटकून, पुन्हा पुन्हा भट्टी. चार रंगांची पाटी पाच-सहा वेळा भट्टीत जाऊन आलेली असते. म्हणून जुन्या पाटीवरून डोळे मिटून बोट फिरवलं, तर अक्षरांच्या कडा बोटाला लागतात.

रंगही धातूंचेच: निळा कोबाल्टचा, हिरवा क्रोमियमचा, पिवळ्या-लालसाठी लोह किंवा कॅडमियमची संयुगं. हे रंग काचेत बांधलेले असतात. पंचाहत्तर वर्षं उन्हात राहिलेला निळा रंग तसाच्या तसा दिसतो, त्याचं कारण हे.

आता एक गणित करून पाहू. लोखंड दर अंशाला दहा लाखांत सुमारे १२ भाग आकसतं. त्यावरचं इनॅमल मुद्दाम थोडं कमी, म्हणजे साडेनऊच्या आसपास आकसणारं बनवतात. एक मीटर लांबीची पाटी ५०० अंशांवरून २० अंशांवर निवली, तर लोखंड सुमारे पावणेसहा मिलिमीटर आकसू पाहतं आणि इनॅमल साडेचारच्या आसपास. दोघं एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत. त्यामुळे लोखंड काचेला चारी बाजूंनी दाबून धरतं. काच ताणली की पटकन तडकते, पण दाब मोठ्या प्रमाणात सोसते. सतत दाबाखाली राहणं हेच या काचेचं बळ आहे. एकाच बाजूला काच चढवली तर पत्रा वाकतो, म्हणून पाटीच्या मागेही इनॅमलचा थर देतात.

तिचा शत्रू मात्र बारीक असतो. खिळा किंवा स्क्रू जास्त आवळला की भोकाभोवती टवका उडतो. पोरांच्या दगडानं दुसरा उडतो. तिथून पाणी शिरतं, लोखंड गंजतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो काचेला खालून उचलतो, नवा टवका पडतो, पाणी आणखी आत जातं. पाटी मधून सहसा खराब होत नाही, ती कडांपासून आणि भोकांपासून झडत येते.

पाटीचं वय कसं काढायचं?

पाटीवर सहसा साल लिहिलेलं नसतं. मग ती कधीची हे ठरवायचं कसं? यासाठी अनेक लहान पुरावे एकत्र लावावे लागतात. एखादी खूण सांगते, ‘पाटी याच्या आधीची असू शकत नाही.’ दुसरी सांगते, ‘याच्या नंतरची असण्याचा संभव कमी.’ या दोन कुंपणांमध्ये पाटीला कोंडायचं.

कंपनीचं नाव ही पहिली खूण. ‘बर्मा-शेल’ १९२८ ते १९७६. त्या वर्षी सरकारनं ती ताब्यात घेतली आणि १९७७ मध्ये ‘भारत पेट्रोलियम’ हे नाव आलं. ‘स्टॅनव्हॅक’ १९३३ ते १९६२, आणि तिच्या जागी आलेली ‘एस्सो’ आपल्याकडे १९७४ पर्यंत. त्यातूनच ‘हिंदुस्थान पेट्रोलियम’ उभी राहिली. ‘कॅलटेक्स’ १९३६ मध्ये सुरू झाली. भारतातली कॅलटेक्स १९७६ अखेरीस सरकारकडे आली आणि १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळली.

मापं आणि नाणी ही दुसरी खूण. पाटीवर ‘आणे’ असतील तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधली. ‘गॅलन’ असेल तर साधारण १९६० च्या अलीकडची नाही. दशमान मापांचा कायदा १९५६ चा, ती मापं टप्प्याटप्प्यानं १९६२ पर्यंत सक्तीची झाली. विक्रेत्याच्या पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीची. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरची.

तिसरी खूण मराठीच्या शिक्षकांना विशेष आवडेल. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम शासनानं स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पाटीवर ‘येथें तेल मिळेल’ असं असेल, तर ‘थें’वरचा तो टिंब म्हणजे तारखेचा शिक्काच. अक्षरांची वळणंही बोलतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे आणि हिंदी वळणाचे वेगळे. मराठी मजकूर हिंदी वळणाच्या अक्षरांत दिसला, तर पाटी महाराष्ट्राबाहेर रंगवली गेली असेल का, असा प्रश्न विचारता येतो.

समजा, एका पाटीवर ‘बर्मा-शेल’ आहे, ‘गॅलन’ आहे आणि ‘येथें’ आहे. तिन्ही खुणा एकत्र धरल्या तर पाटी १९२८ ते साधारण १९६० या काळातली ठरते. चित्रातला शिंपला, कागदपत्रं, विक्रेत्याचं नाव यांवरून हे अंतर आणखी कमी करता येतं. एक सावधगिरी मात्र हवी. पाटी बनल्याचा काळ आणि ती भिंतीवर असल्याचा काळ वेगवेगळे असतात. १९५५ ची पाटी १९८० पर्यंत लटकत राहू शकते.

नकली पाटी

किंमत वाढली की नकला येतातच. आजच्या बाजारात ‘जुन्या’ पाट्या मुद्दाम बनवून, मिठाच्या पाण्यानं आणि आम्लानं गंजवून विकल्या जातात. काही पुरावे शाळेतल्या साधनांनीही तपासता येतात. चुंबक चिकटला नाही तर पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. भिंगाखाली रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला तर तो भट्टीतला नाही, छापलेला आहे. बोटाला अक्षरांच्या कडा लागत नसतील तर शंका घ्यावी. गंज सगळीकडे सारखा असेल आणि स्क्रूच्या भोकाभोवती झीज नसेल, तर ती पाटी कधी भिंतीवर लागलीच नव्हती.

प्रयोगशाळेत याहून पुढे जाता येतं. पदार्थावर क्ष-किरण सोडले की त्यातली मूलद्रव्यं आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतात. वस्तूला ओरखडाही न काढता तिच्यात काय आहे ते यातून समजतं. जुन्या इनॅमलचा पांढरेपणा कथिल, अँटिमनी किंवा झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडमधून येई. टायटॅनियमचं पांढरं इनॅमल दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलं. तेव्हा ‘१९३० ची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाटीच्या पांढऱ्या थरात भरपूर टायटॅनियम सापडलं, तर विक्रेत्याची गोष्ट खरी मानता येणार नाही.

जोगलटेंभीची नाणी

आता दुरुस्तीच्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी मोटारी सोडून अठराशे-एकोणीसशे वर्षं मागं जायचं आहे. अंतर मात्र फार नाही, नाशिकजवळच्या जोगलटेंभीपर्यंतच.

१९०६ साली इथं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी होती. सारी क्षहरात क्षत्रप नहपान याची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. खालचा नहपानाचा चेहरा अर्धवट पुसलेला, वर सातवाहनांच्या खुणा. गौतमीपुत्रानं नहपानाची सत्ता संपवली याचा हा भक्कम पुरावा. क्षहरातांच्या उच्छेदाचा उल्लेख पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखातही आहे. लेणी आणि नाणी एकमेकांना दुजोरा देतात. योगायोग असा, की मुंबई-आग्रा रस्ता याच लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्यावरून जातो.

कल्पना करा, हा साठा एखाद्या हौशी माणसाच्या हाती पडला. त्यानं ठरवलं, ‘वरचा ठसा ओबडधोबड दिसतो, नाणं खराब झालंय, घासून मूळ नहपानाचं नाणं बाहेर काढू.’ नाणं सुंदर झालं असतं. इतिहास गेला असता.

पाटीचंही असंच आहे. कंपनीचं नाव बदललं की जुनी पाटी कधी काढतात, कधी उलटी करून वापरतात, कधी तिच्यावरच नवा रंग देऊन नवं नाव लिहितात. ‘बर्मा-शेल’वर चढलेलं ‘भारत पेट्रोलियम’ हा १९७६ नंतरच्या राष्ट्रीयीकरणाचा ठसा आहे. छपरासाठी वाकवलेली कड, गोठ्याच्या बिजागरीसाठी पाडलेलं भोक, विक्रेत्यानं खाली हातानं लिहिलेलं गावाचं नाव, हे सारे तिच्या आयुष्याचे पुनर्मुद्रित ठसे. पॉलिश करून ते काढले की उरते फक्त एक चकचकीत जाहिरात, म्हणजे कंपनीला जे सांगायचं होतं तेवढंच. लोकांनी त्या पाटीचं पुढे काय केलं, ते नाहीसं होतं.

नाण्यांचे अभ्यासक हा धडा फार पूर्वी शिकले. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाण्यांच्या अभ्यासात पहिला पाठ हाच असतो: नाणं घासू नका, आणि ते कुठं, कशाबरोबर सापडलं ते लिहून ठेवा. सापडण्याची जागा पुसली गेली तर नाण्याचं अर्धं मोल जातं. पाटीलाही हेच लागू आहे.

मग दुरुस्ती करायचीच नाही का?

करायची, पण थांबवण्यापुरती. गंज पुढे सरकू द्यायचा नाही आणि झालेलं लपवायचं नाही. संग्रहालयांत काम करणारे तज्ज्ञ साधारण पुढचा क्रम पाळतात.

आधी सर्व बाजूंनी छायाचित्रं आणि टिपण. मग मऊ कापडानं, सौम्य साबणानं आणि शुद्ध पाण्यानं धूळ काढणं. तारेची घासणी आणि भांडी घासायची पूड वर्ज्य. चिंच-लिंबूही नको, कारण आम्लं काचेतले काही घटक ओढून घेतात आणि चकाकी कायमची जाते. उघड्या गंजावर टॅनिक आम्लाचं सौम्य द्रावण फक्त तेवढ्याच जागी लावतात. गंजाचं काळ्या, त्या मानानं स्थिर संयुगात रूपांतर होतं. शेवटी मेणाचा पातळ थर देऊन ओलावा रोखतात.

टवका भरायचाच असेल तर पुढे विरघळवून काढता येईल अशा ॲक्रिलिक रेझिननं भरतात. दुरून डोळ्याला खटकणार नाही, पण जवळून पाहणाऱ्याला भरलेली जागा ओळखू येईल, असा रंग देतात. आपण केलेलं काम उद्याच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे, हे या विद्येचं सूत्र आहे. पाटी पुन्हा भट्टीत घालणं या सूत्राच्या नेमकं उलट आहे. ८०० अंशांवर जुने थर पुन्हा वितळतात, आणि परत फिरायला वाट राहत नाही.

रोजच्या वापरातल्या वस्तू जपण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचे दिनकर केळकर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे जमवत राहिले. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकाच स्वयंपाकघरातला अडकित्ता महत्त्वाचा, ही दृष्टी त्यांच्या संग्रहात दिसते. वाहनांच्या बाबतीत पुण्यातच विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. गुरुग्रामजवळ तावडू इथं २०१३ साली ‘हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम’ सुरू झालं. तिथं गाड्यांबरोबर पाट्या, डबे आणि इतर जाहिरात-साहित्यही जपलं आहे. नाशिकमध्ये जीप, टायर, इंजिनाचे भाग बनले. इथल्या जुन्या पाट्यांसाठीही असं एखादं दालन व्हायला हवं.

पाटी काय सांगत नाही?

जाहिरात हा पुरावा आहे, पण तो साक्षीदार पक्षपाती असतो. त्यानं गाळलेलं वाक्यही शोधावं लागतं. एकच उदाहरण पाहू.

इंजिनात इंधन वेळेआधी पेटलं की ठोके ऐकू येतात आणि शक्ती वाया जाते. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना टेट्राइथाइल लेड या संयुगाचा उपाय सापडला. पेट्रोलमध्ये ते किंचित मिसळलं की ठोके थांबतात. लेड म्हणजे शिसं, आणि शिसं विषारी असतं, हे तेव्हाही ठाऊक होतं. बाजारात आणताना या पेट्रोलला नाव दिलं ‘इथाइल’. नावातून शिसं वगळलं. १९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवताना पाच कामगार विषबाधेनं भ्रम होऊन मरण पावले. तरी पुढची कित्येक दशकं पंपांवर इथाइलच्या सुंदर पाट्या झळकत राहिल्या. क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचं वय मोजण्यासाठी शिशाचा अभ्यास करताना वातावरणात सगळीकडे पसरलेलं शिसं ओळखलं आणि १९६५ पासून त्याविरुद्ध आवाज उठवला. भारतात चार महानगरांत १९९५ साली शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते २०२१ मध्ये थांबलं.

म्हणजे इथाइलची पाटी जपून ठेवायची, पण तिच्याशेजारी ही गोष्टही लिहायची. एकटी पाटी भिंतीवर लावली, तर आपण शंभर वर्षांनंतरही त्या कंपनीची जाहिरातच करत राहू.

शिशाचा संबंध पाटी हाताळणाऱ्याशीही आहे. जुन्या रंगांत पांढरं शिसं, पिवळं लेड क्रोमेट आणि गंजरोधक म्हणून शेंदूर, म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, वापरत. इनॅमलच्या काही रंगांतही शिसं आणि कॅडमियम असतात. तेव्हा जुनी पाटी कधीही पॉलिश कागदानं घासू नये. तिची धूळ श्वासात जाते. विद्यार्थ्यांनी अशी पाटी पाहावी, मोजावी, नोंदवावी, आणि हात धुवावेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. हिरड्याची पूड पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळून घ्या. थंड झाल्यावर त्यात गंजका खिळा टाका. काही तासांत द्रावण आणि खिळा निळसर काळे होतात. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांचं हे संयुग. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करत, ती याच रसायनावर. पाटीचा गंज थांबवणारी क्रियाही हीच.

२. गावात फिरून जुन्या जाहिरातींची यादी करा: भिंतींवरच्या, दुकानांतल्या, छपरांवरच्या. प्रत्येकीचं छायाचित्र, मोजमाप, जागा आणि मालकानं सांगितलेली हकिगत लिहा. पाटी काढू नका, विकत घेऊ नका, पुसू नका.

३. वर सांगितलेल्या खुणा वापरून प्रत्येक पाटीचं वय दोन सालांच्या मध्ये बसवा. दोन गटांनी एकाच पाटीचं वय स्वतंत्रपणे काढावं आणि उत्तरं वेगळी आली तर का, यावर वाद घालावा.

४. त्या पाटीनं काय सांगितलं नाही, याचं एक वाक्य प्रत्येकानं लिहावं.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड जातो. पण तो विचारायची सवय लागली, की ती जुन्या पाट्यांपुरती राहत नाही. आज रस्त्यावरून जाताना दिसणाऱ्या प्रत्येक फलकाला मुलं तो विचारू लागतात.